तबकडीच्या पाठीवरचं नाव

कॅसेटवरचं गाणं सीडीवर उतरवून घ्यायला येणारा माणूस पहिला प्रश्न आवाजाबद्दल विचारतो. खरखर जाईल का, तंबोरा नीट ऐकू येईल का, टेप ओढल्यासारखी वाजते ती सरळ होईल का. लेबलाबद्दल कोणी विचारत नाही. मी हे काम बरीच वर्षं केलं आणि माझं मत पक्कं होत गेलं, की आवाजाइतकीच मेहनत लेबलावरही घेतली पाहिजे. नाव नसलेली तबकडी घरात असूनही नसल्यासारखी. ज्याने ती करून घेतली त्याला ती आठवते. त्याच्या मुलांना ती चार चकचकीत तबकड्यांतली एक वाटते, आणि घर बदलताना रद्दीच्या पिशवीत जाते.

आमचं दुकान मिरजेत. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, १९३७ साली गेल्यावर इथेच विसावले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी संगीतसभा भरते. अशा गावात घरोघरी खासगी ध्वनिमुद्रणं निघतात. कुणाच्या माडीवर झालेली बैठक, गणपतीतलं गाणं, गुरूने शिष्याला दिलेली तालीम, सगळं टेपरेकॉर्डर सतरंजीच्या कडेला ठेवून घेतलेलं. ही गाणी कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत. त्यांची ओळख काय ती कॅसेटच्या कागदी पट्टीवर, निळ्या शाईत. ती पट्टी कॅसेटबरोबर फेकली गेली की ओळखही गेली.

ऐकायची प्रत आम्ही सीडीवर द्यायचो. सी-६० कॅसेट ८० मिनिटांच्या एका सीडीवर आरामात बसते, सी-९०ला दोन लागतात. जपून ठेवायची प्रत मात्र २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घेऊन डीव्हीडीवर राइट करायची, असा माझा आग्रह असे. तशा प्रतीला तासाला एक जीबीहून थोडी जास्त जागा लागते, म्हणजे ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर तीन सी-९० जेमतेम मावतात. आणि मग या डीव्हीडीवर नाव कसं घालायचं, हा प्रश्न उभा राहायचा.

गोल कागदी स्टिकर चिकटवायची तेव्हा सगळीकडे पद्धत होती. माझा त्याला ठाम विरोध होता आणि आजही आहे. पावसाळ्यात स्टिकरच्या कडा सुटतात, तबकडी वेगाने फिरताना हलते, कधी स्टिकर ड्राइव्हमध्येच अडकतो. सीडीच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा. सीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते, पण माहितीचा थर त्या जाडीच्या तळाशी नसतो. तो वरच्या बाजूला, लेबलाच्या खाली, लाखेच्या एका पातळ थराखाली असतो. स्टिकर ओढून काढला तर त्याच्याबरोबर चंदेरी थरही निघून येतो आणि गाणं कायमचं जातं. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या जोडून केलेली असते, माहिती मधोमध असते, म्हणून ती त्या मानाने सुरक्षित. मार्करने लिहिलं तर भागतं, पण रागाचं नाव, गायक, साथीदार, ठिकाण, तारीख एवढं सगळं जाड मार्करने नीट मावत नाही, आणि आमच्याकडच्या एकेका तबकडीला एवढं सगळं हवंच असायचं.

लाइटस्क्राइबने ही अडचण सोडवली. ह्यूलेट-पॅकार्डच्या अमेरिकेतल्या कॉर्व्हॅलिस इथल्या केंद्रात डॅरिल अँडरसन नावाच्या अभियंत्याला ही कल्पना सुचली, आणि २००४ साली कंपनीने ती जगापुढे आणली. तबकडीच्या वरच्या बाजूला एका खास रसायनाचा लेप असतो. नेहमीप्रमाणे माहिती राइट करून झाली की तबकडी बाहेर काढायची, पालथी करून पुन्हा ड्राइव्हमध्ये घालायची. ज्या ७८० नॅनोमीटरच्या लेझरने ड्राइव्ह सीडी लिहितो, तोच लेझर आता लेपावर फिरतो आणि जिथे पडेल तिथला रंग गडद करतो. शाई नाही, कागद नाही, तबकडीवर चिकटवलेलं काही नाही. पिवळसर सोनेरी पृष्ठावर करड्या-तपकिरी रंगात अक्षरं उमटतात. आतल्या वर्तुळापासून बाहेरच्या कडेकडे एकेक फेरा घेत हे काम चालतं. पूर्ण तबकडीभर चित्र काढायचं तर वीस मिनिटं ते अर्धा तास सहज जातो. फक्त मधल्या भोकाजवळ नावाचं कडं हवं असेल तर काही मिनिटांत उरकतं.

दुकानातले संगणक लिनक्सवर होते. दिवसभर परक्या पेन ड्राइव्हांचा राबता, त्यांतून येणाऱ्या व्हायरसनी पूर्वी फार त्रास दिला होता, आणि ऑडेसिटी, के-थ्री-बी, गिंप, इंकस्केप ही आमची सगळी अवजारं लिनक्सवर मोफत आणि उत्तम चालत होती. के-थ्री-बी सीडी-डीव्हीडी राइट करण्यात वाकबगार, पण लाइटस्क्राइबचं काम त्याच्या कक्षेत नव्हतं. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागायची, आणि ती बसवायचं काम माझ्याकडे आलं.

ही व्यवस्था दोन मजल्यांची. तळाशी लाइटस्क्राइबची सिस्टिम लायब्ररी, ड्राइव्हशी बोलणारी. तिच्यावर लेबल छापणारा प्रोग्रॅम. प्रोग्रॅम दोन होते. एक लाइटस्क्राइबच्याच घरचा सिंपल लेबलर, ज्यात दोन ओळी टाइप करायच्या, तयार नक्षी निवडायची आणि बटण दाबायचं. दुसरा लासी कंपनीने दिलेला फोर-एल, ज्याला आपण स्वतः केलेलं चित्र देता येतं. मला दुसरा हवा होता, कारण तयार नक्ष्यांत मराठी नावांची सोय नव्हती. फोर-एल आरपीएम पॅकेजच्या रूपात मिळायचा. आमच्या उबुंटू लिनक्सला डेब पॅकेज लागतं, म्हणून ते एलियन नावाच्या साधनाने बदलून घ्यावं लागे. लायब्ररी आधी, प्रोग्रॅम नंतर, हा क्रम उलटला की प्रोग्रॅम लायब्ररी सापडत नाही म्हणून बसून राहतो. ड्राइव्हला थेट हुकूम द्यायचे असल्यामुळे कमांड सुडो लावूनच चालवावी लागते. हे एवढं जमलं की जुन्या ३२ बिटच्या मशीनवर सगळं सुरळीत चालायचं. पहिलं लेबल पूर्ण व्हायची वाट पाहत मी ड्राइव्हसमोरून उठले नव्हते. तबकडी बाहेर आली तेव्हा किंचित कोमट होती, आणि तिच्यावर ‘राग मारवा, विलंबित एकताल’ ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

खरा कस २०१३ साली लागला. जुनं मशीन थकलं, नवं ६४ बिटचं आलं, त्यावर त्याच वर्षी मे महिन्यात आलेलं डेबियन ७ बसवलं. लायब्ररी आणि फोर-एल जपून ठेवले होते, ते नव्या मशीनवर चढवले, टर्मिनलमध्ये कमांड दिली, आणि उत्तर आलं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर होती. यादी काढली की दिसत होती, तिचा आकारही दिसत होता, आणि संगणक ठामपणे सांगत होता की ती नाही.

लिनक्सवर काम करणाऱ्या कुणालाही हा संदेश कधी ना कधी भेटतो, म्हणून त्याचा अर्थ सांगते. नसलेली फाइल तुम्ही मागितलेली नसते, ती दुसरीच असते. बहुतेक प्रोग्रॅमांच्या पोटात त्यांना स्मृतीत चढवणाऱ्या लोडरचं नाव लिहिलेलं असतं. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटचा लोडर लागतो. निव्वळ ६४ बिटच्या मशीनवर तो नसतो, आणि त्याची अनुपस्थिती संगणक अशा आडवळणाने कळवतो. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी नेहमीची एल-डी-डी कमांड इथे उपयोगी पडत नाही. ‘फाइल’ नावाची साधी कमांड मात्र एका ओळीत सांगते की हा प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे आणि त्याला कोणता लोडर हवा आहे. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पूर्वी अशा वेळी आय-ए-३२-लिब्ज नावाचं एक भलंमोठं पॅकेज चढवायचे, त्यात सगळ्या ३२ बिट लायब्रऱ्या एकत्र बांधलेल्या असत. डेबियन ७पासून ती पद्धत मागे पडली आणि मल्टिआर्च आलं. एकाच मशीनवर दोन जातींची पॅकेजं शेजारी शेजारी नांदू देणारी ही रचना मला फार आवडते, कारण तिच्यात काय कशासाठी बसवलं ते स्पष्ट दिसतं. पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला आय-३८६, म्हणजे ३२ बिटची, ही जोडीची जात जाहीर करायची, पॅकेजांची यादी ताजी करायची, आणि मग फक्त लागतील तेवढ्याच ३२ बिट लायब्रऱ्या, म्हणजे सी लायब्ररी आणि सी-प्लस-प्लस लायब्ररी, मागून घ्यायच्या. तसं केल्यावर फोर-एलने ड्राइव्ह ओळखला.

हे सगळं का करावं लागलं, तर लाइटस्क्राइबची लायब्ररी तयार स्वरूपातच दिली गेली होती. तिचा सोर्स कोड खुला नव्हता. खुला असता तर डेबियनच्या मंडळींनी तो ६४ बिटसाठी केव्हाच पुन्हा बांधला असता, आणि मला हा द्राविडी प्राणायाम करावा लागला नसता. तरीही लिनक्ससाठी लायब्ररी दिली होती, याचं मोल मी कमी मानत नाही. त्या काळात कित्येक उपकरणांच्या पेटीवर लिनक्सचं नावही नसे. पण एवढं खरं, की बंद सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्याची इच्छा असेपर्यंतच जगतं. त्याच २०१३ साली लाइटस्क्राइबचं अधिकृत संकेतस्थळ बंद झालं. ज्यांनी इन्स्टॉलर स्वतःकडे उतरवून ठेवले नव्हते त्यांच्यासाठी चालू अवस्थेतला ड्राइव्हही लेबलाच्या कामाचा उरला नाही. आमच्याकडे दोन्ही पॅकेजं एका डीव्हीडीवर होती, सोबत कोणत्या क्रमाने काय बसवायचं याची साधी टेक्स्ट फाइल. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी आधी ती फाइल वाचायला लावत असे.

सॉफ्टवेअर चालू झालं म्हणजे लेबल झालं असं नाही. लेबलाचं चित्र मी इंकस्केपमध्ये करायची आणि बीएमपी करून फोर-एलला द्यायची. तबकडी गोल, म्हणून अक्षरंही गोलाकार वळवावीत असा मोह सगळ्यांनाच होतो. रोमन लिपीला ते शोभतं, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटं. देवनागरीत शिरोरेघ आड येते. प्रोग्रॅम प्रत्येक अक्षर वर्तुळावर थोडं थोडं तिरकं ठेवत जातो, प्रत्येकाची रेघ सरळच राहते, आणि दोन अक्षरांच्या सांध्यात ती तुटते किंवा कोन करते. ‘भीमपलासी’सारखं नाव वर्तुळावर घातलं की सांध्यासांध्यात फटी दिसतात. मी गोलाकार ओळी पूर्ण सोडल्या. मधल्या भोकाच्या वर रागाचं आणि गायकाचं नाव सरळ ओळीत, खाली साथ, ठिकाण, तारीख. टाइप जाड घ्यायचा, बारीक रेषा टाळायच्या, कारण फिकट लेपावर काना आणि रफार पुसट होतात. छायाचित्र शक्यतो नको. ते प्रेक्षणीय दिसतं, पण अर्धा तास खातं आणि अक्षरांची जागा घेतं.

अक्षरं नीट आली तरी त्यांत लिहायचं काय, हे काम सर्वांत अवघड. कॅसेटच्या पट्टीवर ‘बापूंकडे गाणे, कोजागरी’ एवढंच लिहिलेलं असे. बापू कोण, साल कोणतं, कोणाचं गाणं? कधी तारखेऐवजी तिथी असे, ‘कार्तिक वद्य पंचमी’, आणि शक लिहिलेला असला तर नशीब, मग जुनं पंचांग काढून इंग्रजी तारीख जुळवता येई. रागाच्या नावात घोळ हमखास. पट्टीवर यमन आणि आत गायक शुद्ध मध्यम घेऊन यमन कल्याण मांडतोय, असं वारंवार होई. अशा वेळी पट्टीवरचं खोडून आपलं घालायचं नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. नोंदवहीत दोन रकाने, एक ‘कॅसेटवरची नोंद’, दुसरा ‘ऐकून केलेली नोंद’, आणि दुसऱ्यापुढे ज्याने ऐकलं त्याचं नाव. लेबलावर पहिली नोंद जायची, फरक असेल तर दुसरीही. पुढचा ऐकणारा आपल्याहून जाणकार असू शकतो, त्याला दोन्ही दिसली पाहिजेत.

एकदा एक आजी तयार झालेली तबकडी न्यायला आल्या. चष्मा वर करून त्यांनी लेबल डोळ्यांजवळ धरलं, एकेक ओळ बोटाने वाचली, आणि म्हणाल्या, “अगं, पेटीवर माझे वडील आहेत. त्यांचं नाव कुठे दिसत नाही ते?”

कॅसेटवर ते नाव नव्हतं. गायक होता, तबलजी होता, पेटीवाल्याचा उल्लेखच नव्हता. त्यांना म्हटलं, “आजी, अर्धा तास बसता का? इथेच घालून देते.”

इथे लाइटस्क्राइबची रचना कामाला आली. अशा तबकडीच्या मधल्या भोकाभोवती, लेपाच्या आत, बारीक रेघांचं एक कडं छापलेलं असतं. ड्राइव्ह ते वाचून तबकडी नेमकी कोणत्या कोनात बसली आहे ते ओळखतो. त्यामुळे छापलेली तबकडी पुन्हा घातली तरी नवी अक्षरं बरोबर ठरलेल्या जागी पडतात, जुन्यावर चढत नाहीत. याच सोयीने पुसट लेबलावर तेच चित्र दुसऱ्यांदा फिरवून ते गडदही करता येतं. मी जुन्या चित्रातलं सगळं पुसून फक्त एक ओळ ठेवली, ‘हार्मोनियम’ आणि पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, तबल्याच्या ओळीच्या खाली. आजी स्टुलावर बसून ड्राइव्हच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत होत्या. तबकडी बाहेर आल्यावर त्यांनी पुन्हा बोटाने वाचलं, पर्समधून रुमाल काढून त्यात ती गुंडाळली. नोंदवहीत मी ते नाव घातलं आणि पुढे लिहिलं, ‘कन्येच्या सांगण्यावरून’. हिंदुस्थानी संगीताच्या खासगी ध्वनिमुद्रणांत पेटीवाले आणि तंबोऱ्यावर बसलेले शिष्य यांची नावं सर्वांत आधी हरवतात. ती विचारून घेणं हे आमचं काम आहे, असं मी त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बाबतीत मानलं, आणि तबकडी तयार करण्याआधीच “साथीला कोण होतं?” हे विचारायला लागले.

आता या तबकड्यांचं वय झालं आहे. लाइटस्क्राइबचा लेप प्रकाशाने रंग बदलतो, हे त्याचं बळ आणि हाच त्याचा शेवटही. तबकडी काळोखात, पाकिटात ठेवावी, उन्हात ठेवू नये, ही सूचना सुरुवातीपासून होती. ज्यांनी ती काचेच्या कपाटात खिडकीसमोर मांडून ठेवली त्यांच्याकडची अक्षरं फिकी पडत चालली आहेत. मी अशा तबकड्या हातात घेऊन पाहिल्या आहेत. काही तिरक्या धरल्या की वाचता येतात, काही तेवढ्यानेही नाही. लेबल गेलं म्हणून आतलं गाणं जात नाही, कारण माहिती दुसऱ्या बाजूने, वेगळ्या थरात लिहिलेली असते. पण तो थरही रंगद्रव्याचाच असतो आणि तोही कायमचा नाही. शिवाय बहुतेक नव्या लॅपटॉपांना डीव्हीडी ड्राइव्हच नसतो.

म्हणून वाचकांना विनंती करते. आपल्या घरात घरगुती मैफलींच्या, आजोबांच्या कीर्तनाच्या, मुंजी-लग्नातल्या गाण्यांच्या सीडी-डीव्हीडी असतील तर या आठवड्यात त्या बाहेर काढा. सोनेरी पृष्ठावर करडी अक्षरं असतील, किंवा कडेला लाइटस्क्राइबचं चिन्ह दिसलं, तर सर्वांत आधी लेबलाचा फोटो काढा, तबकडी थोडी तिरकी धरून, एकापेक्षा जास्त. मग लेबलावरचा सगळा मजकूर युनिकोड मराठीत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करा. यूएसबीचा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि तबकडीतल्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. डीव्हीडी वाचताना अडखळत असेल तर लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. तो वाचता येणारा भाग आधी काढून घेतो आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. टेक्स्ट फाइल गाण्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा, प्रत दोन ठिकाणी ठेवा. आणि त्या मैफलीला बसलेलं कोणी माणूस अजून हयात असेल, तर त्यांना फोन करून साथीला कोण होतं ते आजच विचारून घ्या.